नंबरवाल्या बाईंची पहिली भाषा

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात मी चष्म्याच्या काउंटरवर बसायचो आणि समोर, दारापाशी, त्या बसायच्या. पद रिसेप्शनिस्टचं, पण पेशंट त्यांना नंबरवाल्या बाई म्हणत. आतून डॉक्टरांनी घंटी वाजवली की बाई जागेवरूनच पुढचा नंबर पुकारत. आवाज असा खणखणीत, की कानानं कमी असलेल्या आजोबांनाही दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. कुणी पेंगताना दिसलं, तर "अहो, डोळे दाखवायला आलात ना, मग उघडे तरी ठेवा," असं सुनावायच्या आणि अख्खा हॉल हसायचा.

मग त्यांचे मिस्टर गेले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. बाई थोड्या दिवसांनी कामावर आल्या आणि पूर्वीसारखे नंबर पुकारू लागल्या. फक्त नंबर, पुढे-मागे काही नाही. रडल्या नाहीत, निदान आमच्यासमोर तरी. मी एकदा विचारलं, "बरं आहे ना सगळं?"

"काही वाटतच नाही हो," त्या म्हणाल्या. "दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं झालंय. चावून बघितलं तरी कळत नाही." एवढं बोलून फायलींकडे वळल्या.

त्यातच डॉक्टरांनी नंबर पुकारायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. माणूस चांगला. बाईंना बोलावून म्हणाले, "तुम्हाला काढत नाहीये. पण तुमचं हे काम फार दिवस उरणार नाही. तोवर काहीतरी शिकून घ्या, वेळेचं मी सांभाळून घेईन." बाई म्हणाल्या, "बरं." त्या दिवसांत त्या कशालाही बरंच म्हणत.

त्यांची नणंद कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. भाऊ गेल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. कागदपत्रं तिनं केली, गळका नळ तिनं बदलून घेतला, दर रविवारी येऊन वहिनीची कपाटं आवरून जायची. यंत्राचं कळल्यावर तिनं लगेच ठरवून टाकलं. "वहिनी, तू प्रोग्रामिंग शीक. तुझं डोकं चालतं, दादा नेहमी सांगायचा. पण आधी हे सांग, तुला पुढे काय व्हायचंय? त्यावर भाषा ठरते."

"म्हणजे?"

"म्हणजे वेबसाइटचं काम करायचं असेल तर जावास्क्रिप्ट. आकडेवारीत जायचं असेल तर पायथन. मोबाईलची ॲप करायची तर कॉटलिन. बँकांच्या मोठ्या सिस्टिमवर जायचं तर जावा. पहिली भाषा कुठलीही चालते, असं मी वर्गात पोरांना सांगते. पण त्यांच्याकडे वेळ असतो गं. तू एकच धर आणि तिच्या वाटेनं नोकरीपर्यंत जा."

"तू म्हणशील ती."

"मी कशी ठरवणार? काम तुला करायचंय."

"मग कुठलीही."

नणंद चिडली. "जरा तरी विचार कर ना! सगळं माझ्यावर काय ढकलतेस?" म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. बाईंनी तिला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. हे मला सांगताना म्हणाल्या, "तिचा भाऊ गेला, ती रडली. माझा नवरा गेला आणि मी पाणी आणतेय. बरं, मनात काय, तर पेला धुतलेला आहे ना."

शेवटी त्या एका क्लासमध्ये चौकशीला गेल्या. तिथं टाय लावलेल्या एकानं हसतमुखानं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

बाई म्हणाल्या, "असेन इथंच कुठंतरी."

त्याला वाटलं, बाई विनोदी आहेत. दुपारच्या बॅचमध्ये कॉटलिनची एक जागा रिकामी होती, म्हणून बाई कॉटलिनला बसल्या. भांडी घासावीत तसा गृहपाठ करायच्या, स्वच्छ आणि वेळेवर. एकदा त्यांनी केलेलं बटण फोनवर दिसलं आणि दाबल्यावर त्याचा रंग बदलला. वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. "छान झालं म्हणे," बाईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसं. पुढे हळूहळू त्यांचं क्लासला जाणं बंद झालं. नणंदेला बोलल्या नाहीत. क्लासच्या वेळेला दवाखान्यातच बसून राहायच्या.

मग यंत्र आलं. चिठ्ठी निघायची, भिंतीवरच्या डब्यात लाल आकडे उमटायचे आणि एक सपाट आवाज एकदाच नंबर बोलायचा. रांग भराभर सरकू लागली, नाही असं नाही. अडचण व्हायची ती डोळ्यांत थेंब घातलेल्यांची. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नाही, चष्मा काढून हातात घेतलेला. त्यांना तीन आणि आठ एकच दिसायचे. एक निवृत्त शिक्षक भलत्याच नंबरांना उठून दोनदा दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले. पुन्हा तसंच झाल्यावर म्हणाले, "राहू द्या, जातो घरी," आणि भिंत चाचपत जिन्याकडे निघाले. बाई ताडकन उठल्या. त्यांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पहिल्या पायरीवरून त्यांनी सरांना धरून आणलं, थेट आत नेलं आणि परत येऊन जागेवर बसल्या. बराच वेळ त्या डब्याकडे बघत होत्या.

यंत्राचा इंजिनियर तपासणीला आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हा आकडा मोठा करता येतो का?"

"या डब्यावर नाही येत," तो म्हणाला. "वेगळा मॉनिटर लावला तर येईल. थेंबांच्या पेशंटची तक्रार आणखीही ठिकाणांहून आलीय आमच्याकडे. करायचंय ते, पण कामं तुंबलीत."

"आणि ते लिहायचं कशात?"

"समोर दिसणारं ना? जावास्क्रिप्टमध्ये."

घरी गेल्यावर बाईंनी नणंदेला फोन लावला. "मी क्लास सोडलाय. मला जावास्क्रिप्ट शिकव."

"अगं, पण मध्येच का? काय करायचंय तुला?"

"भिंतीवरचा आकडा मोठा करायचाय."

"हे काय करिअर झालं, वहिनी?"

"ते मला माहीत नाही. आकडा मोठा करायचाय."

मग नणंद म्हणाली, "रविवारी कपाटं राहू देत. लॅपटॉप काढून ठेव."

बाईंना गोडी वगैरे लागली, असं काही मी सांगणार नाही. मीही विचारायचो, "आवडतंय का?" तर म्हणायच्या, "आवडण्याचं नका विचारू. काल आकडा डावीकडे पळत होता, आज जागेवर आहे." एवढंच. पण आता त्या मला कागदावर चौकोन काढून दाखवायच्या, पिवळं काळ्यावर बरं की पांढरं काळ्यावर, म्हणून विचारायच्या. डॉक्टरांनी अडगळीतला जुना मॉनिटर दिला. थेंब घातलेल्यांना बाजूच्या खोलीत बसवू लागले, तिथं तो लावला. काळा पडदा, त्यावर पडदाभर पिवळा आकडा, आणि नंबर दोनदा बोलला जायचा. नवीन नंबर पडला की तो बाई स्वतः या पडद्यावर टाकायच्या. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी वाहवा केली नाही. ज्याचा नंबर आला तो उठून आत गेला.

पुढच्या खेपेला इंजिनियरनं ते पाहिलं. "चांगलंय. पण इंटरनेट गेलं तर?" बाईंनी त्याचा विचारच केला नव्हता. त्यानं तिथंच उभ्याउभ्या समजावून सांगितलं आणि बाईंनी नणंदेच्या मदतीनं ती खोट दुरुस्त केली. पुढे त्यानंच सांगितलं, की हॉस्पिटलांसाठी असे पडदे बनवणारी एक छोटी कंपनी माणसं शोधतेय. पहिल्या मुलाखतीत बाईंची बोबडी वळली आणि नकार आला. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा घेतलं. सगळ्यांत खालच्या पायरीवर, वयानं बऱ्याच लहान सिनियरच्या हाताखाली.

निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"मनाचं अजून कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "सकाळी उठून जायला एक ठिकाण आहे."

त्यानंतरचं मला नणंदेकडून कळलं. ती चष्मा करायला आली होती. म्हणाली, वहिनीनं एकदा चार दिवस खपून एक पान तयार केलं आणि सिनियरनं ते जागोजागी लाल खुणा करून परत पाठवलं. वहिनीनं ऑफिसच्या गच्चीवर जाऊन हिला फोन लावला. "काय समजतो काय स्वतःला! कालचं पोरगं! माझं अख्खं पान रंगवून ठेवलंय. मोकळी जागा जास्त सोडली म्हणे. जागा सोडली तर याचं काय जातं?"

नणंद हसायला लागली. "वहिनी, किती दिवसांनी भांडतेयस गं!"

"तू हसू नकोस, मी चिडलेय."

"चीड ना, चीड. पण तो म्हणतोय ते चूक आहे का?"

"नाही ना! बरोबर आहे मेल्याचं, तेच तर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून पान दुरुस्त करायला खाली गेल्या.