टॅगचा लाल रंग

कोहक्यात घरी बसून मी हथखोजच्या एका कारखान्याच्या मशीनची माहितीपत्रकं वेबपेजवर चढवते. एडिटरमध्ये मजकूर पांढरा आणि त्याच्या आजूबाजूचे टॅग, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या कोडच्या खुणा, लाल दिसायचे. बाबा स्टील प्लांटच्या कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. तिथला नियम असा, की पॅनेलवरचा लाल दिवा ज्याला दिसला त्यानंच उठून पाहायचं. अलीकडे आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण तो नियम पक्का होता. पाणी प्यायला उठले की माझ्या खुर्चीमागे थांबायचे.

"काय बिघडलं वं? येवढं लाल कावून आहे?"

"काही नाही बिघडलं बाबा. टॅग आहेत ते."

"मंग कोनाले फोन केला का?"

दिवसभर हेच. एकदा ऐन कामात त्यांनी कम्प्युटरचा स्विचच बंद केला आणि माझं डोकं फिरलं. रंगांची सेटिंग उघडून सगळे टॅग राखाडी करून टाकले. राखाडीत बंद करायचा राहिलेला टॅग लवकर सापडत नाही, डोळे फुटायची वेळ येते; पण घरात शांतता झाली. बाबा यायचे, स्क्रीन पाहायचे, "सब ठीक" म्हणून जायचे. मग यायचेच बंद झाले.

ती शांतता मला खायला उठली. काल मी टॅग पुन्हा लाल केले आणि हाक मारून त्यांना बोलावलं. ते खुर्चीमागे उभे राहिले, वाकून एका लाल टॅगवर बोट ठेवलं.

"छान दिसून राहिलं," म्हणाले.