ब्रिगेडियरचं पान

शेजारचा फ्रँक गेल्याचा त्याच्या पुतणीचा फोन आला, तेव्हा मी घेवड्याच्या शेंगा मोडत होते. "ही वेन्ट पीसफुली," ती म्हणाली. मी शेंगा मोडतच राहिले... नॉटिंगहॅममधलं आमच्या दोघांमधलं कुंपण चाळीस वर्षांचं, आणि त्या कुंपणावरून त्याने मागितलेली एकच गोष्ट मी त्याला दिली नव्हती.

साठच्या दशकात डॉक्टरांची बायको म्हणून मी इथे आले. इंग्रजी कच्चं, मतं पक्की. लायब्ररीतलं पहिल्या महायुद्धावरचं एक पुस्तक वाचून तर मी लष्करतज्ज्ञच झाले होते! जनरल लोक मागे बंगल्यात वाइन पीत बसले आणि बिचाऱ्या सैनिकांना खंदकांतून काढून मशीनगनपुढे ढकललं, असं मी भेटेल त्याला सुनवायचे. त्या वर्षी सर्वपित्रीला कोळशाच्या कोठीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. हे कशासाठी, ते फ्रँकने विचारून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या वडिलांसाठीही एक ठेवाल का, मिसेस देव?" त्याचे वडील त्या युद्धात ब्रिगेडियर होते, हे मला ठाऊक होतं.

"खाटकाला मी पान वाढत नाही," मी हनुवटी वर करून म्हटलं.

"अगं, शेजारी आहे तो!" आमचे हे आतून ओरडले.

"फेअर इनफ," म्हणून फ्रँक कुंपणाची हेज कापायला लागला.

विषय पुन्हा निघाला नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची नजर गेली आणि वडिलांची युद्धातली वही वाचून दाखवायला त्याने मलाच बोलावलं. हल्ला सुरू होताच टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, निरोप्ये मेले होते. पहिली तुकडी कापली गेल्याचं न कळताच ब्रिगेडियरने दुसरी पाठवली. मग काहीच कळेना म्हणून तो स्वतः पुढे गेला. माणसं काटेरी तारेवर लटकत होती. मशीनगन त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होती, त्यामुळे मेलेल्यांचे हात हलत होते. एकाची आतडी तारेला गुंडाळली होती आणि तो अजून पाणी मागत होता. दोन वर्षांनी हाच माणूस तोफांचा मारा चालत्या सैनिकांच्या पुढे पाऊल-पाऊल सरकवायला शिकला. तसलाच एक जर्मन खंदक एका सकाळी हाती आला. आत उतरलेल्या त्याच्या सैनिकांनी, हात वर केलेल्या जर्मनांची डोकी फावड्यांनी फोडली. तेही त्याने लिहिलं होतं, स्वतः दुसरी तुकडी पाठवल्याचं लिहिलं होतं तितक्याच सरळ अक्षरात.

मी वही मिटली. माझी बिचारी कोकरं, माझे वाइन पिणारे राक्षस... सगळ्यांची खिचडी झाली होती.

"ते निर्दोष होते असं मी म्हणत नाही, शालिनी," फ्रँक म्हणाला. "पण पान मिळेल?"

"बघते," मी म्हटलं. म्हातारपणीही ताठा! 'चुकलं' म्हणायला मला मुहूर्त हवा होता. उन्हाळा गेला, फ्रँकही गेला.

परवा सर्वपित्रीला कोठीवर दोन पानं जास्त मांडली. फ्रँकच्या वड्यावर कावळा लगेच बसला. ब्रिगेडियरच्या पानाकडे फिरकेना. तासभर उभी राहिले, पाय दुखायला लागले. शेवटी फ्रँकची नजर गेल्यापासून न कापलेल्या त्या हेजकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "सॉरी, ब्रिगेडियर. तुमची वही न वाचताच बोलले. दरवर्षी वाढेन. त्या फावड्यांचे घाव खाल्लेल्या जर्मनांनाही वाढेन."

मग मी आत आले. कावळा शिवला का, ते खिडकीतून पाहिलं नाही.