समोरासमोरचे दोन कारखाने

खांडव्याला मोठी गाडी सोडून इंदूरच्या छोट्या गाडीत बसलो. कालाकुंडच्या घाटात इंजिन धापा टाकू लागलं, तेव्हा पळसाच्या द्रोणातला कलाकंद खात मी दऱ्या पाहत होतो. मिरजेला आमच्या नगरपालिकेनं कारखान्यांसाठी नव्या शेड बांधल्या होत्या. गावातले एक मोठे कारखानदार म्हणत होते, सगळ्या मलाच द्या, बाहेरच्यांची लुडबुड नको. त्यावर मत देणाऱ्या समितीत मी तंत्रशाळेचा मास्तर म्हणून होतो. इंदुरात लहान कारखाने चांगले चालतात असं ऐकलं होतं. ते का चालतात, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

जुनी इंदूर नावाच्या वस्तीत माझे मावसभाऊ वसंतराव राहत. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. वसंतराव स्वतः विहिरीचे पंप बनवत. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव टाकत ते म्हणाले, "राजधानी भोपाळला गेली तेव्हा लोक बोलले, इंदूर अब खतम. पण भिया (भाऊ), गिऱ्हाईक थोडंच भोपाळला गेलं?"

त्यांच्या कारखान्यासमोरच कन्हैयालालजींचा पंपांचाच कारखाना होता. दोघे पूर्वी भागीदार होते. भांडून वेगळे झाले, तेव्हापासून बोलणं बंद. तरी वसंतराव काम करताना दर थोड्या वेळानं समोर नजर टाकत.

तेवढ्यात जवळच्या सांवेर गावाकडचे एक शेतकरी पटेल मोटरसायकलवरून उतरले. वसंतरावांचा नवा पंप त्यांनीच नेला होता. आत न येता रस्त्यावरूनच ते माळव्याच्या बोलीत कडाडले, "यो पंप पाणी कम ने धुआँ ज्यादा देवे है!" (हा पंप पाणी कमी अन् धूर जास्त देतो.) पाण्यावाचून गहू वाळायला लागला होता. पंप नीट झाला नाही तर ते विलायती पंप आणणार होते आणि गावातले बाकीचेही त्यांच्याच मागे जाणार होते.

वसंतरावांचा चेहरा उतरला. आम्ही लगेच सांवेरला गेलो. विहिरीतलं पाणी नळीतून अर्ध्यापर्यंत चढे आणि पुन्हा खाली घसरे. नळीच्या तळाची झडप गाळानं अडकत होती. वसंतरावांनी ती साफ करून बसवली, पण थोड्या वेळात पुन्हा तेच. इंजिन बंद करून ते काठावर बसले.

"कन्हैयाच्या झडपेला चमड्याची पट्टी असते. गाळ आला तरी ती घट्ट बसते," ते हळूच म्हणाले.

"मग मागा ना त्यांच्याकडे."

"इतक्या सालांनी त्याच्या दारात जाऊ?"

पण गेले. मी सोबत होतो. कन्हैयालालजींनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते हसणार. त्यांनी फळीवरची झडप उचलली आणि चपला घातल्या. "चलो. विलायती पंप एक गाँव में घुसा, तो कल मेरे गिराक भी जाएँगे."

संध्याकाळच्या आत पाट भरून वाहू लागला. पटेलांनी वाकून पाण्यात हात बुडवला आणि पहिल्यांदाच हसले. लगेच म्हणाले, "पण झडप ऐसी चाहिए के साफ करने का काम ही ना पड़े!" दोघे कारखानदार एकमेकांकडे बघून हसले.

मला वाटलं, आता भागीदारी पुन्हा जुळणार. तसं काही झालं नाही. वसंतराव झपाटल्यासारखे कामाला लागले. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी झडपेभोवती बारीक जाळीचा पिंजरा बसवला होता. गाळ बाहेरच राहायचा. कन्हैयालालजी रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी पिंजरा फिरवून फिरवून पाहिला.

"अच्छा है. अब मुझे इससे बढ़िया बनाना पड़ेगा."

"बनवा ना," वसंतराव म्हणाले, "मी कुठं थांबलोय?"

परतीच्या गाडीत मी हेच घोळवत होतो. देशानं परक्या मालाशी टक्कर द्यायची म्हणजे काय करायचं, यावर मी वर्गात पुष्कळ बोललो होतो: भांडवल, वीज, सरकारची मदत. ते सगळं लागतंच. पण तिखट बोलणारं गिऱ्हाईक आणि समोरच्या दारातला तोडीस तोड प्रतिस्पर्धी, हे माझ्या यादीत कधी नव्हते.

मिरजेच्या बैठकीत मी शेड वेगवेगळ्या लोकांना द्याव्यात असं सांगितलं. ते मोठे कारखानदार उसळले. "आणि दुसऱ्यानं माझी रचना चोरली तर?"

"चोरेलच," मी म्हणालो, "तोवर तुम्ही पुढची करा."

ठराव जेमतेम मंजूर झाला. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काही महिन्यांनी त्यांच्या समोरच्या शेडमध्ये त्यांच्याच धंद्यातला एक नवखा माणूस आला. पुढे एका रविवारी मी तिकडून जात होतो. मोठ्या कारखानदारांच्या दाराला कधी नव्हे ते सुट्टीचं कुलूप नव्हतं. आतून कानस चालल्याचा आवाज येत होता.