चनबसप्पा अण्णांचं मडक्यांचं छप्पर

एक कोरा ट्रेसिंग पेपर समोर घ्या, पेन्सिलीला टोक करा आणि समजा, तुम्हाला सोलापुरात एका घराचा नकाशा काढायचा आहे. जागा विजापूर रस्त्याकडच्या माळावर. झाड म्हणाल तर एकच कडुलिंब. ऊन असं, की दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. सिमेंट परमिटवर, तेही मिळेल तेव्हा. वीज त्या बाजूला कधी येईल ते कुणी सांगत नाही, आणि बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचं काय झालं होतं ते अजून कुणी विसरलेलं नाही. घरमालकिणीची अट मात्र एकच: मे महिन्यात, जेवणानंतर, पंख्याशिवाय झोप लागली पाहिजे.

बहुतेक जण इथे पेन्सिल खाली ठेवतील. चनबसप्पा अण्णांनी ती उचलली.

अण्णा आमच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. डिप्लोमा घेऊन मी सात रस्त्याजवळच्या त्या कचेरीत लागलो, तेव्हा त्यांच्याच शेजारचं टेबल मला मिळालं. सरकारी दवाखाने, शाळा, गोदामं, सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरलेलं. स्वतः मात्र ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, वर पत्रे. त्यांच्या मंडळी शरणम्मा म्हणायच्या, या पत्र्याखाली भाकरी नुसती थापून ठेवली तरी भाजते, चूल उगीच पेटवायची. माळावरचा प्लॉट घेतला त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की खोल्या किती, दारं कुठल्या लाकडाची, ते सगळं तुम्ही बघा, मला फक्त दुपारची झोप द्या. अण्णांनी ते वरिष्ठ कार्यालयाच्या हुकुमासारखं मनावर घेतलं.

‘पर्यावरण’ हा शब्द आमच्या कचेरीत कुणी उच्चारत नाही. अण्णांचं म्हणणं साधं होतं: जे जवळ आहे त्यात बांधायचं आणि जे फुकट येतं ते वाया घालवायचं नाही. फुकट येणाऱ्या गोष्टी म्हणजे वारा, सावली आणि जो काय पडेल तो पाऊस. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या, हातभर जाड. पश्चिमेला एकही खिडकी नाही. लिंब तोडायचा नाही म्हणून अख्खं घर दक्षिणेला सरकवलं, आणि लिंबाची सावली अंगणभर पडेल अशी दिशा साधली. न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला. छपरावरचं पाणी स्वयंपाकघराखालच्या टाकीत. छप्पर लोखंडी गर्डरवर शहाबादी फरश्या टाकून केलेलं, म्हणजे सिमेंटसाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. आणि त्या फरश्यांवर, उन्हाच्या तोंडाला, पालथी मडकी. अगदी शेजारी शेजारी, चुन्यानं पांढरी केलेली.

मडकं पालथं घातलं की त्याच्या पोटात हवा अडकते आणि हवेतून उष्णता सहज उतरत नाही, हे पुस्तकात मीही शिकलो होतो. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि स्वतःच्या डोक्यावर मांडणं वेगळं. अण्णा कुंभाराकडे गेले आणि एकदम शेकड्यांनी मडकी मागितली. कुंभारानं आधी घरात लग्न आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “मग शिंदीचं दुकान काढताय व्हय, अण्णा?” ज्यांनी उभ्या जन्मात शिंदीच्या दुकानावरून जाताना मान वळवली नाही, त्या अण्णांना हा घाव बरेच दिवस सलत राहिला. कचेरीत मात्र आम्ही त्यांना दुकान कधी उघडणार ते रोज विचारायचो.

गवंडी करकंबचा कुंडलिक. दगडाच्या कामाला त्याचा हात चांगला, पण मडकी मांडायची म्हटल्यावर तो डोक्याला हात लावून बसला. घर बांधून झालं की नजर लागू नये म्हणून त्याच्यावर एक काळं मडकं टांगतात हे त्याला ठाऊक होतं. “हितं तर समद्या तालुक्याची नजर लागणार हाय की,” म्हणाला, आणि मडकी मांडू लागला.

घर संक्रांतीनंतर राहतं झालं, आणि मार्च सरता सरता त्याची परीक्षा झाली. बाहेर डांबर मऊ पडलेलं, आणि आत आलं की विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटायचं. कचेरीतले साहेब येऊन पाहून गेले. मी थर्मामीटर घेऊन गेलो, बाहेर आणि आत आकडे घेतले, आणि पुन्हा घेतले, कारण माझाच विश्वास बसेना. शरणम्मा जेवून आडव्या झाल्या की पाचला चहालाच उठायच्या. अण्णा कचेरीत येऊन त्यांच्या झोपेचं वर्णन असं करायचे, जणू एखाद्या धरणाचं काम पुरं झालंय.

आणि मग कुरडयांचे दिवस आले.

गहू भिजवून, वाटून, चीक काढून झाला होता. रविवार होता, मीही गेलो होतो. समोरच्या रंभाबाई आणि आणखी दोघी-तिघी सोऱ्या घेऊन हजर. चीक चांगला चकाकेपर्यंत शिजला. तो गरम आहे तोवरच सोऱ्यातून निघतो, म्हणून सगळ्या घाईत. शरणम्मांनी पातेलं फडक्यात धरून उचललं, मागच्या दारी गेल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तिथूनच विचारलं:

“अवो, जिना कुटं ठिवलाय?”

जिना नव्हता. नकाशातही नव्हता. तो नकाशा साहेबांनी पाहिला, कुंडलिकनं पाहिला, कचेरीतल्या प्रत्येकानं पाहिला. सगळ्यांनी भिंतीची जाडी विचारली, टाकीची खोली विचारली, मडकी फुटली तर काय ते विचारलं. जिना कुणाला आठवला नाही. मडक्यांवर पाय ठेवायचा नाही, मग वर जायचंच कशाला, असा अण्णांचा हिशेब. भाड्याच्या खोल्यांवर पत्रे होते, पण शेजारच्या मालकाच्या घराला जिना होता आणि गच्चीही. ती कायम होती, म्हणून ती घराचा भाग आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

कुरडया अंगणात घालाव्यात, तर अंगणभर सावली. ती पाडायला तर अख्खं घर सरकवलेलं. रंभाबाई पदर खोचत म्हणाल्या, “अण्णा, घर लई गार हाय तुमचं. पर सावलीत कुरडई वाळत न्हाय.” आणि पातेलं, सोऱ्या, बायका, सगळी मिरवणूक रस्ता ओलांडून रंभाबाईंच्या गच्चीवर गेली. त्यांचं घर साधंच, वर स्लॅब, बाजूनं लोखंडी जिना.

कुरडया गेल्या तिथवर ठीक होतं. पण एप्रिलात संध्याकाळी शरणम्मांची वळकटीही त्याच वाटेनं जायला लागली. रंभाबाईंच्या गच्चीवर आसपासच्या बायका जमायच्या, पाणी शिंपडायच्या, गप्पा मारायच्या, आणि तिथेच झोपायच्या. अण्णा आपल्या गार घरात एकटे. त्यांनी बायकोला समजावलं, की लोक गच्चीवर झोपतात ते घर तापतं म्हणून. आपलं तापत नाही, मग कशाला? घरात रात्रीसुद्धा हातपंखा लागत नाही, हे त्यांनी माझ्या आकड्यांवरून दाखवून दिलं.

शरणम्मांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “घर तापतंय म्हून जातो व्हय आमी गच्चीवर? दिवसभर एकेक बाई आपापल्या भिंतीत. वर गेलं की चार तोंडं दिसत्यात. चांदण्या दिसत्यात. तुमच्या घरात मला मडक्याची बुडं बी दिसत न्हाईत.”

अण्णांचं तोंड उतरलं ते त्या दिवशी. घर त्यांनी जिच्यासाठी बांधलं, ती निम्मा दिवसच त्यात राहत होती.

मग प्रयोग सुरू झाले. अर्धी मडकी काढून तिथे बसायची जागा केली, तर खालची खोली तापली आणि शरणम्मांची झोप तीनलाच मोडली. त्यांनी मडकी परत मांडायला लावली. मग मडक्यांवर बांबूचा तट्टा टाकला. कुंडलिक शिडीनं वर चढला, तट्ट्यावर उभा राहिला, आणि खालची मडकी टकाटक फुटली. मी सुचवलं, की मडक्यांच्या फटी चुन्यानं भरून वर फरशी करू. अण्णांनी माझ्यासमोर स्लाइड रूल ठेवला. चुना, फरशी आणि वर चार बायका धरून मी गर्डरवरचा भार काढला, आणि मुकाट्यानं स्लाइड रूल परत केला.

“मग मडकी काढूनच टाकतो,” एका रविवारी अण्णा वैतागून म्हणाले. “साधा स्लॅब करतो, सगळ्यांसारखा.”

शरणम्मा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “मडकी काढायची न्हाईत. माजी दुपारची झोप हाय ती. मडकी ऱ्हाऊ द्या, आन् जिना घाला.”

मला वाटलं, आता अण्णा चिडणार. पण त्यांचा चेहरा पाहिला तर तो पहिल्या अटीच्या दिवशी असेल तसा झाला होता. दुसरा हुकूम सुटला होता.

याला आता दोन उन्हाळे झाले. संध्याकाळी वळकटी अजून रस्ता ओलांडते. अण्णांच्या टेबलावर सरकारी नकाशांखाली त्यांच्या घराचा नकाशा असतो, आणि त्यात मागच्या दाराशी एक जिना काढलेला आहे. सुबक, पायऱ्या अंगावर न येणाऱ्या, कठडा शरणम्मांच्या हाताच्या उंचीचा. कचेरीत कुणी नवा माणूस आला, कुणी ठेकेदार आला, की अण्णा कागद त्याच्याकडे फिरवतात, आणि पेन्सिलीचं टोक शेवटच्या पायरीवर ठेवून विचारतात:

“जिना झाला. आता हितनं पुढं, मडक्याला धक्का न लावता, माझ्या बायकोनं वळकटी टाकायची कुठं, सांगा की?”