खरातसाहेबांचं चुनाळं

भास्कर खरात पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा मी ‘बसा’ म्हणताच त्यांनी खुर्ची उचलली आणि उलटी केली. चष्मा कपाळावर चढवून तिचे स्क्रू पाहिले, एकेक पाय हलवून बघितला आणि मग ती सुलटी ठेवून बसले. माझी बायको मेधा पाण्याचा ग्लास हातात धरून बघतच राहिली. “वरून सगळंच गुळगुळीत असतं, वहिनी,” ते म्हणाले, “खालून बघायचं.”

सिंगापुरात सेम्बावांगला आमच्या शेजारचाच फ्लॅट त्यांचा. वय साठीच्या आसपास, पत्नी वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. बुकित बातोकला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे ते जहाजांचे सुटे भाग बनवत. अशा शिस्तीच्या गावात राहूनही या माणसाचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. पाच किलोचा तांदूळ आणला की घरी वजन करायचे. दर वेळी तो बरोबर भरायचा आणि दर वेळी ते जरा खट्टू व्हायचे. MRT, म्हणजे इथली मेट्रो, तीन मिनिटांत येईल असं फलकावर दिसलं की हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे.

वर्षभराने एका रविवारी ते आले आणि खुर्ची न बघताच बसले. मेधाने हसून विचारलं, “आज तपासणी नाही?”

“या घरातल्या खुर्च्या पास झाल्या,” ते म्हणाले. आम्हा दोघांना PR, म्हणजे इथला कायमचा रहिवास, मिळाल्याइतका आनंद झाला. खरा PR अजून लांबच होता. अर्ज केलेला होता, आणि त्याच्या काळजीने मी आधीच अर्धा झालो होतो.

पुढे एका बुधवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये मी आणि खरातसाहेब दोघंच होतो. त्यांच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. चादर पांढरी, तिच्यावर निळी फुलं. “काय आणलंत?” मी सहज विचारलं. “लाकूड,” ते म्हणाले आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले. एरवी डाळीच्या पाकिटावरही पंधरा मिनिटं बोलणारा माणूस एका शब्दात आटोपला, ते मला खटकलं.

मग कॉरिडॉरमध्ये अळशीच्या तेलाचा वास यायला लागला. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरकडे उघडायची, ती आता बंद असे. एका दुपारी मात्र ती बोटभर उघडी राहिली होती. जाताजाता मी डोकावलो. खरातसाहेब ओलं फडकं टाकून इस्त्री करत होते, पण फडक्याखाली शर्ट नव्हता. वाफेचा भपकारा उठला, त्यांनी फडकं उचललं आणि खाली लाकडाचा तो आकार दिसला. खांद्याला लावायचा, मागे रुंद, पुढे निमुळता होत गेलेला बंदुकीचा दस्ता.

या देशात बंदुकीपायी माणसाला फाशीही होऊ शकते, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं. मेधाला सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, सरळ जाऊन विचारा ना त्यांना.” हे शहाणपण मला सुचलं नाही असं नाही. पण आता त्यांचं सगळंच मला वेगळं दिसायला लागलं होतं. एकटा माणूस, स्वतःचं लोखंडाचं वर्कशॉप, कुणावर विश्वास नाही. दुसऱ्यावर इतका संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात काहीतरी असणार, असं मी स्वतःला पटवलं. वर PR चा अर्ज होताच, त्यावर शेजाऱ्याच्या भानगडीची सावली नको होती. शुक्रवारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी पोलिसांना फोन केला. नाव सांगितलं नाही, चादरीवरची फुलं मात्र सांगितली. माहिती खरी वाटावी म्हणून.

शनिवारी सकाळी दोघे पोलीस आले. मी दाराच्या भोकातून बघत होतो, ते आठवलं की अजून लाज वाटते. खरातसाहेबांनी त्यांच्यासमोर एक जाड फाइल धरली. त्यातला तरुण पोलीस पानन्‌पान चाळून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला, “अंकल, वुड व्हेरी नाइस, लाह. बट वी मस्ट चेक.” दस्ता आणि फाइल घेऊन ते सभ्यपणे निघून गेले. खरातसाहेब दारात तसेच उभे होते. त्यांचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी सगळं परत आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ती चादर पसरलेली, तिच्यावर दस्ता.

“ब्रिटिशांच्या काळातली रायफल आहे,” ते म्हणाले. “एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून घेतली. नळी बुजवलेली, कधीच उडणार नाही. परवाना आहे. लोखंड वर्कशॉपच्या कुलपात, लाकूड तेवढं घरी आणून वाफेने त्यातले पोचे काढायची, तेल द्यायची लेखी परवानगी. विकणारा म्हणाला, सगळ्या भागांवर एकच नंबर आहे. मी भिंगाने पाहिलं. बाकीच्या भागांवर इंग्रजी सातचा आकडा पायाशी वाकलाय, बोल्टवरचा, म्हणजे मागच्या खिट्टीवरचा सात ताठ उभा. मागाहून ठोकलाय.”

“मग घेतलीत कशाला?”

“खोट कुठे आहे ते कळलं ना. कळलं की हरकत नसते.”

मग त्यांनी खिशातून तंबाखूचा चुना ठेवायचं एक चुनाळं काढलं. बोटाएवढं, निमुळतं, पितळेचं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. “आजोबांचं. ते गोऱ्यांच्या पलटणीत शिपाई होते. रायफलच्या दस्त्यामागे झाकण असतं, आत तेलाची कुपी ठेवायची जागा. आजोबा कुपी कमरेला लावायचे आणि साहेबाला दिसू नये म्हणून हे चुनाळं आत ठेवायचे, असं वडील सांगायचे. मी हे वर्गात सांगितलं. मास्तर सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, तुमच्या लोकांच्या हातात बंदूक कोण देणार? आजोबांच्या हातात झाडू असेल.”

मी कुलकर्णी. ते मास्तर कोण असतील हे मला विचारावं लागलं नाही.

“वाईट त्याचं नाही वाटत,” ते म्हणाले. “वाईट याचं, की त्या दिवसापासून मलाही खात्री राहिली नाही. वडील गेले तरी मी मनातून म्हणत होतो, म्हातारा रचून सांगत असेल.”

“पण असं झाकण फोटोतही दिसलं असतं.”

“झाकण दिसतं. चुनाळं मावतं का, ते दिसत नाही.”

झाकण गंजून घट्ट बसलेलं होतं. पोलीस आले तेव्हा ते त्यावरच काम करत होते. आता तेल सोडून, लाकडी पट्टीने हलके टकटक करत त्यांनी ते सैल केलं. अर्धा तास गेला. शेवटी झाकण कुरकुरत वळलं. त्यांनी चुनाळं त्या काळ्या भोकाशी धरलं आणि थांबले. इतकी वर्षं सगळं तपासणारा हा माणूस पहिल्यांदाच तपासायला घाबरला होता. मग त्यांनी ते सोडलं. चुनाळं अलगद आत गेलं, झाकण बसलं, दस्ता हलवला तरी आतून आवाज आला नाही.

“मावलं,” ते म्हणाले. पुन्हा एकदा, “मावलं की हो.” आणि चष्मा काढून निळ्या फुलांच्या त्या चादरीलाच डोळे पुसले. “तयार झाल्यावर तुम्हालाच आधी दाखवणार होतो, कुलकर्णी. म्हणून त्या दिवशी लिफ्टमध्ये बोललो नाही.” मग चादरीची घडी घालता घालता म्हणाले, “पोलिसांना ही फुलंसुद्धा ठाऊक होती.”

घरी येऊन मी जेवलो नाही.

पुढच्या वर्षी वर्कशॉप बंद करून ते मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. रायफल इथल्याच एका परवानाधारकाकडे राहिली. चुनाळं शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होतं, असं मुलीने फोनवर सांगितलं. पण खरातसाहेब म्हटलं की मला आठवतो तो त्या संध्याकाळनंतरचा रविवार.

ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. मी ‘बसा’ म्हटलं. इतके दिवस न बघता बसणाऱ्या त्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची उचलली आणि उलटी केली. मेधाने माझ्याकडे पाहिलं.

“खरातसाहेब,” मी म्हणालो, “तो फोन मी केला होता.”

त्यांनी बोटाने एक पाय हलवून पाहिला. खरंच हलत होता. त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला, स्क्रू सावकाश आवळला, पाय पुन्हा हलवून बघितला. मग खुर्ची सुलटी ठेवली आणि तिच्यावर नीट टेकून बसले.

“आता हरकत नाही,” ते म्हणाले. “वहिनी, चहा टाका.”