सुनेनं मला खुर्चीवरून उठवलं

२०२३ साल. मी एकाहत्तरचा. शाळा दुसरीतच सुटली, पण बसल्या जागेवरून मला आजवर कोणी उठवलं नव्हतं, सरपंचानंही नाही.

सून धाड गावाजवळच्या उपकेंद्रात नर्स. तिचं बुलढाण्याला प्रशिक्षण निघालं. सून परगावी एकटी जात नाही हा आमच्या घरचा कायदा, अन् तो माझाच. मी सोबत गेलो आणि हॉलमध्ये पंख्याखाली बसलो. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाबा, बाहेर बसा."

"बाहेर ऊन हाय."

त्यांनी मग माझा नाद सोडून शिकवायला घेतलं, आणि मी अडकलो. काही ठिकाणी रीत म्हणून लहान पोरीचं लघवीच्या जागेचं अंग कापतात. लग्न, बाळंतपण, सगळ्यात तो त्रास तिच्यासोबत जन्मभर. अशी बाई आली तर नर्सनं दचकायचं नाही, दुसऱ्या बायांना बोलावून दाखवायचं नाही. आधी तिला एकटीला बोलू द्यायचं. असलं काही माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. उठावं तर बाया म्हणतील, म्हातारा पळाला. मी फरशीकडं पाहत बसून राहिलो.

तेवढ्यात सून उभी राहिली. "मॅडम, माह्याकडं एक पोटुशी बाई आली होती, दुरून लग्न होऊन आलेली. तपासू देईना. काही विचारलं का नवराच बोले. तो खुर्चीवरून हललाच नाही. तशीच गेली. उद्या परत बोलावली."

"नवऱ्याला उठवलं का नाही?"

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. "हे बाबा नवरा समजा. उठवा यांना."

सगळ्या हसल्या. सुनेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरात ती माझ्यापुढं खुर्चीवरसुद्धा बसत नाही.

"मामाजी, जरा बाहेर..."

"काऊन?"

"तपासाचं हाय."

"तपास ना. म्या कुठं हात धरला तुहा?"

मागून एक नर्स ओरडली, "बाबा, खुर्ची का हुंड्यात भेटली?"

मी वर मांडी घातली. खेळ असला म्हणून काय झालं, मी हरत नसतो.

मग सुनेनं पदर मागं सारला आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. "बायको तुमची असन, पण इथं ती माही पेशंट हाय. उठा. बाहेर बाकावर बसा. मी बोलावल्याबिगर आत याचं नाही."

मी उठलो. आणखी बसलो असतो तर साऱ्यांदेखत माझी सून हरली असती. बाहेर बाक तापला होता. आत टाळ्या झाल्या, मला कोणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. संध्याकाळच्या एसटीनं परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडायला उपकेंद्रात गेलो. ती बाई आली, मागोमाग नवरा. तो खुर्चीकडं वळायच्या आत मी खुर्ची उचलली आणि बाहेर निंबाखाली नेऊन टेकवली.

"ये बे पोरा, इथं सावली हाय."

तो बसला. दार मी ओढून घेतलं आणि पायरीवर, दाराला पाठ लावून बसलो.