दहीभात ठेवून गेलेला चोर

कापसाचं साल कसं चाललंय हे विचारायला दिग्रसातले लोक बाजारात जायचे. मला कुठं जायची गरजच नव्हती! माझ्या खानावळीच्या एका अंगाला कापसातली सरकी काढायचं जिनिंग आणि दुसऱ्या अंगाला पोलीस ठाणं. जिनिंगचे हमाल माझ्याकडे बसून जेवायचे आणि ठाण्याच्या कोठडीतल्यांचे डबे मी पोचवायची, तो ठेकाच होता आमच्याकडे. भाव चांगला असला की माझ्या बाकांवर बसायला जागा मिळायची नाही आणि कोठडीत जायचा एखादाच डबा, तोही कुणा बेवड्याचा. भाव पडला, जिनिंग बंद झालं, की बाकं रिकामी आणि डब्यांची टोपली मला एकटीला उचलेना.

आणि गंमत सांगू? गंमत कसली डोंबलाची! गजाआडचे चेहरे तेच. माझ्या बाकावर बसून ठेचा मागणारा आता गजातून हात काढून ठेचा मागायचा. "काकू, आज वरणाची फोडणी करपली वाटते," असं एकानं मला आतून ऐकवलं. मी म्हटलं, "मेल्या, मोटारपंप चोरताना लाज नाई वाटली, अन् फोडणीले नाक मुरडून राह्यला?" सगळी कोठडी हसली, तोही हसला. त्याचा किस्सा मला ठाण्याच्या जमादारांनी सांगितला होता. यानं पंप विहिरीवरून सोडवला, बांधापर्यंत आणला, पुढं उचलवेना. मग टाकून पळावं की नाही? हा पंपाशेजारी बसून राहिला, मालक येईपर्यंत! जमादार कपाळाला हात लावायचे. "काकू, जुन्या चोरांचं मले काई वाटत नाई. ते जेवढे होते तेवढेच हायेत. हे नवशिके आले ना, यायनं जीव नकोसा केला. यायले धड पळताबी येत नाई."

एका माणसाचा डबा मात्र मला त्या टोपलीत नको होता. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा हमाल होता तो. दांडगा गडी, पण जेवून उठला की आपलं ताट आपण धुवायचा, बाक सरळ करून ठेवायचा. मी ओरडायची, "अरे ठेव ते, तुला काय भांडी घासायला ठेवलाय?" तरी धुवायचाच. त्याची बायको कापूस वेचायला जायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा दिवस गेले, आणि नेमकं त्याच साली जिनिंग बंद. हा रोज कामाच्या शोधात माझ्या दारावरून जायचा, मान दुसरीकडे वळवून. "ये, दोन घास खाऊन जा," म्हटलं की म्हणायचा, "जेवलो काकू." साफ खोटं! मला धास्ती एकच होती. एकदा कोठडीत जाऊन आलेल्याला जिनिंगवाले पुन्हा कामावर घेत नसत. मग तो बाहेर आला काय नि आत राहिला काय, सारखंच.

दसरा झाला, कापूस फुटायला लागला, आणि एका सकाळी हा आपणहून दारात उभा. "काकू, वाटीभर दही देता का?" अगं बाई! ज्यानं कधी मिठाचा खडा मागितला नाही त्यानं दही मागितलं! मला इतका आनंद झाला की विचारू नका. "काहून रे, डोहाळे लागले वाटते तिले?" म्हटलं. तो लाजला, हो म्हणाला. मी वरची साय घालून स्टीलची वाटी गच्च भरून दिली.

दुसऱ्या दिवशी जमादार आले ते हसतच. "काकू, चहा टाका! आज अशी चोरी झाली की आमच्या सायबायनंबी कवा ऐकली नसन!"

गावाबाहेर एका कापड दुकानदाराचं वावर होतं. कुणीतरी त्याच्या कोपऱ्यातला पहिला कापूस वेचून नेला होता. आता आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. पऱ्हाटीच्या पाच झाडांना हळदकुंकू लावायचं, बुडाशी दहीभात ठेवायचा, मगच कापसाला हात लावायचा. त्या साली दुकानदारानं ती केलीच नव्हती. भाव नाही तर पूजा कसली, म्हणाला होता. आणि चोरानं केली! पाच झाडांना कुंकू, पळसाच्या पानावर दहीभात, सगळं रीतसर, आणि मग चोरी!

"आता सांगा काकू, हा चोर हाये का भटजी?" जमादारांनी मांडीवर थाप मारली. मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. दही! हातातली कपबशी मी त्यांच्यापुढं ठेवली.

जमादार काही दुधखुळे नव्हते. "मी म्हटलं, भात काय, कोणाच्याबी घरी असते," ते म्हणाले. "दही आलं कुठून? गाई-म्हशी तर लोकायनं कवाच विकून टाकल्या. या बाजूले रोज विरजण लागते ते तुमच्याच इथं. काल कोणी नेलं का दही?"

ठेका जाईल, मीही गोत्यात येईन, सगळं दिसत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "कालचं दही? मांजरीनं तोंड घातलं त्यात. सारं फेकून दिलं."

जमादारांनी फळीकडं पाहिलं. फळीवर दह्याचं गाडगं, गाडग्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा. "वरवंटा ठेवता तुम्ही," ते म्हणाले.

"मांजर दांडगी हाये," मी म्हटलं.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालत सावकाश संपवला. "असन दांडगी," म्हणाले. "तसंबी कोठडीत पाय ठेवायले जागा नाई. धरून ठेवू कुठं त्या मांजरीले?" टोपी घातली आणि गेले. मी आत पळाले आणि तोंडात पदर कोंबून हसले. बाई गं, काय सुटले मी!

मग एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझी वाटी. घासून लख्ख, आणि आत मूठभर पांढराशुभ्र कापूस, पहिल्या वेचणीचा. देवाच्या वातींसाठी! म्हणजे चोरीचा माल थेट माझ्या दारात! मला धरलं असतं तर माझा डबा कुणी आणला असता? तरी मी त्याच कापसाच्या वाती वळल्या आणि दिवा लावला. इतका आनंद मला कुठल्या सणालाही झाला नव्हता. हा माणूस चोर होणार नाही, मी दिव्यासमोर बसून मोठ्यानं म्हटलं. चोरीच्या आधी हात जोडणारा कसला चोर होतोय!

त्याला मुलगी झाली. मी लाडू घेऊन बघून आले. गोरी, बापासारख्या मोठ्या हातांची. जिनिंग मात्र त्या साली नाही ते नाहीच सुरू झालं, आणि पुढचं साल तर त्याहून वाईट निघालं.

पुन्हा दसरा झाला, पुन्हा कापूस फुटला. जमादार आले, पण आत आले नाहीत, चहाही मागितला नाही. दारातूनच म्हणाले, "काकू, आज एक डबा वाढवा."

मला नाव विचारावं लागलं नाही. "कुठं धरलं?"

"त्याच वावरात, त्याच कोपऱ्यात. या साली मालकानं राखण ठेवली होती."

"पहिलीच वेचणी ना?" मी विचारलं. "दहीभात ठेवला होता का त्यानं?"

जमादार रस्त्याकडं बघत म्हणाले, "मीबी तेच पाह्यलं काकू. एक झाड सोडलं नाई. काईच नव्हतं."

ठेक्याच्या जेवणात दही नव्हतं. तरी मी तीच वाटी काढली, वरची साय घालून भरली आणि डब्यासोबत ठेवली. टोपली मी स्वतः नेली. गजातून त्यानं डबा घेतला, वाटी घेतली, वर पाहिलं नाही. संध्याकाळी डबे परत आले तेव्हा त्याचा डबा धुतलेला होता आणि वाटीतलं दही तसंच होतं.